बर्फाच्या चढावर वळताना

स्की टूरिंग म्हणजे रोपवे किंवा केबल कारची मदत न घेता, पायांतल्या स्कींवरच बर्फाचा डोंगर चढून जाणे आणि त्याच स्कींवरून घसरत खाली येणे. आल्प्समधला एखादा सर्वसाधारण गट तासाला 300 ते 400 मीटर उंची चढतो. हजार मीटर चढायला त्याला तीन तास लागतात. कुशल माणूस तेवढेच अंतर तासाभरात उतरून येतो. म्हणजे या खेळातला बहुतेक वेळ चढण्यात जातो. तरीही छायाचित्रांत, चित्रफितींत आणि नवशिक्यांच्या गप्पांत दिसतो तो उतारच. चढताना स्की वळवायची कशी, हा प्रश्न अनेकांना पहिल्या खड्या चढावर उभे राहिल्यावरच पडतो, आणि तोवर निवांत विचार करण्याची जागा मागे पडलेली असते.

टूरिंगची स्की साधारणपणे माणसाच्या उंचीएवढी किंवा तिच्याहून थोडी आखूड, म्हणजे 160 ते 180 सेंटीमीटर लांब असते. डोंगराच्या अंगावरून तिरके चढत गेल्यावर केव्हातरी दिशा बदलावीच लागते. त्या वेळी एवढ्या लांबीच्या दोन फळ्या एकमेकींत न अडकवता, तोल न घालवता आणि मागे न घसरता उलट्या दिशेला न्यायच्या असतात. उतरताना वेग स्की वळवायला मदत करतो. चढताना ती मदत नसते. तिथे सगळे काम उभ्या जागी, तोलाने आणि ठरलेल्या क्रमाने करावे लागते.

मुळात चढणे शक्य होते ते दोन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे स्कीच्या तळाला चिकटवलेली केसाळ पट्टी. तिला सगळीकडे ‘स्किन’ म्हणतात. पूर्वी ती खरोखरच सीलच्या कातड्याची असे. आता ती अंगोरा बकरीच्या मोहेर केसांची, नायलॉनची किंवा दोन्हींच्या मिश्रणाची असते. केसांचा कल मागच्या बाजूला असतो. त्यामुळे स्की पुढे सहज सरकते, पण मागे जाऊ लागली की केस उभारून बर्फात रुततात. दुसरी गोष्ट म्हणजे बाइंडिंग. चढताना ते बुटाचे फक्त पुढचे टोक धरून ठेवते आणि टाच मोकळी राहते. ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्टेल यांनी 1980 च्या दशकात बुटाच्या टोकाला दोन बाजूंनी दोन पिनांत पकडणारे हलके बाइंडिंग तयार केले. पुढे डायनाफिट कंपनीने ते बाजारात आणले, आणि आज टूरिंगची बहुतेक बाइंडिंगे याच तत्त्वावर बनतात. या रचनेत स्की बुटाच्या टोकाशी एका आडव्या अक्षावर झुलते. चढावरच्या सर्वांत अवघड वळणाची सगळी मेख या झुलण्यात आहे. टाचेखाली पाडता-उचलता येणारा एक छोटा उंचवटाही असतो, त्याला हील रायझर म्हणतात. खड्या चढावर पोटरीवरचा ताण त्याने हलका होतो.

स्किनची पकड वजनावर अवलंबून असते. माणूस ताठ उभा असेल, वजन टाचेवर असेल आणि स्की पूर्ण तळाने बर्फावर टेकली असेल, तर चांगली स्किन आश्चर्य वाटावे इतका चढ पेलते. भीतीने शरीर डोंगराकडे झुकले, की पायाखालचा दाब कमी होतो आणि स्की मागे सुटते. नवशिका घसरला की स्किनला दोष देतो. बहुतेक वेळा दोष त्याच्या कमरेतल्या वाकण्याचा असतो.

स्किन कितीही चांगली असली तरी पाणी ज्या रेषेने वाहून जाईल त्या रेषेने सरळ वर चढणे फार काळ जमत नाही. पोटऱ्या भरून येतात, दर पावलाला घसरण्याची भीती राहते आणि शक्ती वाया जाते. बोरघाटातला रस्ता कड्याला थेट भिडण्याऐवजी वळणे घेत वर जातो, तसाच स्कीचा मागही नागमोडी काढावा लागतो. रस्ता आखणारा अभियंता आधी चढाचे प्रमाण ठरवतो आणि वळणे त्यातून निघतात. इथेही क्रम तोच. आधी मागाचा चढ ठरतो, मग वळणाची जागा, आणि पाय कसा टाकायचा हा विचार सर्वांत शेवटी येतो. तंत्र शिकवताना मात्र हा क्रम बहुधा उलटा होतो.

सर्वसाधारण गटाला 10 ते 15 अंशांचा माग सोसतो. 100 मीटर उंची गाठायला 10 अंशांच्या मागावर सुमारे 575 मीटर चालावे लागते, 15 अंशांवर 385 मीटर आणि 20 अंशांवर 290 मीटर. हे आकडे पाहून जास्त चढाचा माग फायद्याचा वाटतो, पण तसे होत नाही. 20 अंशांच्या मागावर दर पावलाला थोडे मागे सरकणे, काठ्यांवर भार टाकणे आणि धाप लागून थांबणे यांत वाचवलेले अंतर परत खर्ची पडते. चांगल्या वाटाड्याचा माग कंटाळवाणा वाटण्याइतका एकसारखा असतो, आणि मागून येणारा त्यावर बोलत बोलत चढू शकतो.

वळणांची संख्या उताराच्या रुंदीवर ठरते. 30 अंशांच्या उतारावर 12 अंशांचा माग धरला आणि आडवे जायला 50 मीटर जागा मिळाली, तर 100 मीटर उंचीसाठी आठ वळणे घ्यावी लागतात. रुंदी 100 मीटर मिळाली तर चारच पुरतात. प्रत्येक वळणाला चाल थांबते, श्वासाची लय मोडते आणि तोल जाण्याची एक संधी निर्माण होते. म्हणून अनुभवी माणूस उताराची मिळेल तेवढी रुंदी वापरतो. वळणांची माळ करत अरुंद पट्ट्यातून चढणारा माग दुरून देखणा दिसतो, पण तो बहुधा अननुभवी माणसाने काढलेला असतो. याला एक अपवाद आहे: बाजूचा उतार हिमस्खलनाच्या दृष्टीने धोक्याचा असेल तर अरुंद पट्ट्यातच राहावे लागते.

आता वळणाचा कोन पाहू. मागाचा चढ 12 अंशांवर कायम ठेवला, तर उतार जितका खडा, तितका माग आडव्या समपातळीच्या रेषेला जवळ येतो. 15 अंशांच्या उतारावर माग त्या रेषेपासून सुमारे 53 अंश वर असतो; त्यामुळे दिशा बदलताना स्की साधारण 73 अंशांतूनच फिरवावी लागते. 30 अंशांच्या उतारावर माग त्या रेषेपासून जेमतेम 25 अंश वर उरतो आणि वळण 130 अंशांचे होते. उतार 40 अंशांचा झाला की ते 140 अंशांच्या पुढे जाते. वळणांचे दोन मुख्य प्रकार का आहेत, याचे उत्तर या आकड्यांत आहे. 70 अंश छोट्या पावलांनी फिरून जाता येतात. 130 अंश खड्या उतारावर पावलांनी फिरायचे ठरवले, तर मध्ये केव्हातरी स्कीची टोके थेट डोंगरमाथ्याकडे येतात, आणि त्या क्षणी सगळे वजन मागे घसरू पाहते.

पहिला प्रकार पावलांच्या वळणाचा. आतल्या, म्हणजे ज्या बाजूला वळायचे त्या बाजूच्या, स्कीचे टोक थोडे बाहेर उघडायचे, वजन तिच्यावर घ्यायचे आणि दुसरी स्की तिच्याशेजारी आणून ठेवायची. मग पुन्हा तेच. चार-सहा पावलांत चाल न मोडता दिशा बदलते. पाऊल लहान ठेवणे महत्त्वाचे, कारण मोठ्या पावलात मागची टोके एकमेकींवर चढतात. नवशिके पडतात ते बहुतेक स्वतःच्याच स्कीवर पाय देऊन. 15-20 अंशांपर्यंत, बर्फ फार कडक नसेल तर, हे वळण पुरते. उतार थोडा वाढला तरी वळणाची जागा नीट निवडली तर ते निभावून नेता येते. एखादा सपाट टप्पा, दोन उंचवट्यांमधली खोलगट जागा किंवा सोंडेची पाठ अशा ठिकाणी स्थानिक उतार आजूबाजूपेक्षा कमी असतो. जमिनीची घडण वाचता येणारा माणूस बरीचशी वळणे अशा जागी आणून ठेवतो आणि पुढचा अवघड प्रकार टाळतो.

टाळता येत नाही तेव्हा किक टर्न घ्यावा लागतो. जर्मन भाषक आल्प्समध्ये त्याला स्पिट्झकेहरे म्हणतात. तो समजून घेण्यासाठी एक बाजू पक्की धरू: चढणाऱ्याच्या डाव्या हाताला डोंगर आहे, उजव्या हाताला दरी. म्हणजे डावी स्की वरची आणि उजवी खालची. वळल्यावर डोंगर उजव्या हाताला येईल. आताची वरची स्की तेव्हा खालची होईल आणि आताची खालची वरची.

सुरुवात वळणाच्या चार पावले आधी होते. मागाचा चढ कमी करत करत दोन्ही स्की जवळजवळ आडव्या आणल्या जातात. हे विसरले की पुढचे सगळे बिघडते, कारण चढत्या मागावर एका पायावर उभे राहायचे तर तो पाय मागे सरकणारच. मऊ बर्फ असेल तर पाय आपटून छोटा ओटा तयार करतात. रायझर उंच असेल तर तो खाली पाडलेला बरा: उंच रायझरवर टाच पूर्ण खाली जात नाही आणि पुढे लागणारा झटका अपुरा पडतो. वरच्या हातातली काठी स्कीच्या फिरण्याच्या वाटेतून दूर, वरच्या बाजूला रोवायची. खालच्या हातातली मागे आणि खाली. सगळे वजन उजव्या, म्हणजे खालच्या स्कीवर घ्यायचे आणि ताठ उभे राहायचे.

मग डावी स्की उचलायची. टोक वर करत, डोंगराच्या बाजूने फिरवत ती नव्या दिशेला आणायची. शरीरही त्याबरोबर डोंगराकडे तोंड करून वळते. स्कीचे शेपूट या वेळी खालच्या बुटाजवळून जाते. ते पायात अडकू नये म्हणून डावे पाऊल थोडे वर, डोंगराच्या अंगाकडे न्यावे लागते. स्की ठेवताना ती सपाट, पूर्ण तळाने आणि आडवी किंवा किंचित चढती ठेवायची. शेपूट खालच्या स्कीच्या जवळ असावे. अनेक जण भीतीपोटी हे पाऊल फार लांब टाकतात. मग पाय फाकलेल्या अवस्थेत अडकतात, आणि तिथून एका पायावर उभे राहणे कोणालाच जमत नाही.

आता माणूस डोंगराकडे तोंड करून, दोन्ही पाय उलट्या दिशांना ठेवून उभा असतो. ही अवस्था अवघड दिसते आणि तशी असतेही. तिथे जास्त वेळ थांबण्यात काही फायदा नाही. दोन्ही काठ्या डोंगराच्या बाजूला रोवून वजन पूर्णपणे डाव्या, नव्याने ठेवलेल्या स्कीवर न्यायचे. ‘पूर्णपणे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. अर्धे वजन मागे राहिले की खालचा पाय मोकळा होत नाही, आणि तो ओढून काढण्याच्या नादात तोल जातो. चांगला शिक्षक इथे वजनाची परीक्षा घ्यायला सांगतो: खालची स्की दोन सेंटीमीटर उचलून परत टेकवता आली, तरच पुढे जायचे.

राहिली उजवी स्की. तिचे टोक अजून जुन्या दिशेला आहे. ते डोंगराच्या बाजूने फिरून नव्या दिशेला यायला हवे, पण मध्ये उभा आहे बर्फाचा उतार आणि डावी पोटरी. नुसता पाय उचलून फिरवला तर टोक बर्फात रुतते किंवा पोटरीला अडते. म्हणून पाय मागे घेऊन टाच उचलायची आणि मग एक छोटा झटका देऊन टाच स्कीवर आपटायची. बूट ज्या अक्षावर झुलतो त्याच्या मागे स्कीचे वजन जास्त असते. झटक्याने शेपूट खाली जाते आणि टोक उसळून वर, थेट गुडघ्याजवळ येते. त्याच क्षणी गुडघा आणि पाऊल आत फिरवले की स्की पायाला चिकटून वळते आणि डाव्या स्कीच्या शेजारी, तिच्या वर येऊन बसते. किक टर्न या नावातली ‘किक’ ती हीच, आणि तिच्यात जोर कमी आणि वेळ साधणे जास्त. झटका आणि फिरवणे यांत क्षणाचे अंतर पडले की टोक पुन्हा खाली जाते. ताकदवान तरुणांना हे वळण उशिरा साधते, असा डोंगरी शिक्षकांचा नेहमीचा अनुभव. ते जोराने पाय ओढतात आणि स्की तितक्याच जोराने अडते.

झटका जमतच नसेल तर काठीच्या टोकाने बाइंडिंगच्या मागचा भाग दाबूनही शेपूट खाली आणता येते. हे देखणे नाही, पण भुसभुशीत खोल बर्फात तज्ज्ञही कधी कधी तसेच करतात. खोल बर्फात पहिल्या स्कीचे टोकही अडते. तेव्हा दोन्ही पायांना झटका द्यावा लागतो. आखूड स्कीवर हे सगळे सोपे जाते. स्की माउंटेनिअरिंगच्या शर्यतींत पुरुषांना किमान 160 आणि महिलांना किमान 150 सेंटीमीटरची स्की लागते, आणि बहुतेक स्पर्धक याहून लांब स्की घेत नाहीत. चढताना बाकीही बरेच काही महत्त्वाचे असते, पण लांबीचा हिशेब वळणावर सर्वांत आधी कळतो.

खड्या आल्प्सवर आखूड स्की चालतील हे पटवून देणारा माणूस म्हणजे माथियास झ्दार्स्की. ऑस्ट्रियातल्या लिलियनफेल्ड गावी राहणाऱ्या या शिक्षक-चित्रकाराने नॉर्वेहून आलेल्या लांब स्की आखूड केल्या, बूट बाजूने घट्ट धरणारे धातूचे बाइंडिंग बनवले आणि 1896 च्या अखेरीस आपले तंत्र पुस्तकरूपाने मांडले. तो एकच लांब काठी वापरे. खड्या उतारावर चढणे-उतरणे हे साहसापेक्षा शिकण्याजोगे कौशल्य आहे, हा त्याचा आग्रह होता, आणि त्यावरून नॉर्वेच्या पद्धतीच्या पाठीराख्यांशी त्याचे कडाक्याचे वाद झाले. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियन सैन्याचा हिमस्खलन-तज्ज्ञ म्हणून काम करताना 1916 मध्ये तो स्वतःच हिमस्खलनाखाली सापडला. हाडे ठिकठिकाणी मोडली, तरी तो वाचला आणि पुढे 1940 पर्यंत जगला.

हिमस्खलनाचा विषय चढावरच्या वळणापासून वेगळा काढता येत नाही. मोठ्या थरांची हिमस्खलने बहुतांशी 30 ते 45 अंशांच्या उतारांवर सुटतात. वर पाहिलेली भूमिती सांगते, की पावलांचे वळण अपुरे पडून किक टर्न घ्यावा लागतो तोही साधारण 30 अंशांच्या आसपासच. आल्प्समधले मार्गदर्शक म्हणूनच एक ढोबळ नियम शिकवतात: किक टर्नची गरज भासू लागली, म्हणजे तुम्ही हिमस्खलनाच्या उतारावर आलात. नकाशा, ॲप किंवा कोनमापक हाताशी नसतानाही पायांना मिळणारी ही सूचना असते. स्वित्झर्लंडचे वेर्नर मुंटर यांनी 1990 च्या दशकात उताराचा कोन आणि त्या दिवशीची धोक्याची पातळी यांची सांगड घालून निर्णय घेण्याची पद्धत रूढ केली. तिच्यातही 30, 35 आणि 40 अंश हेच कळीचे टप्पे आहेत. फरक एवढाच की पायांची सूचना उशिरा येते. ती येईपर्यंत माणूस उतारावर पोहोचलेला असतो, म्हणून नकाशावर कोन आधी पाहून निघणे तिच्याने टळत नाही.

वळणाच्या जागी धोका आणखी दोन कारणांनी वाढतो. माणूस तिथे थांबतो, पाय आपटतो आणि पूर्ण वजन एका स्कीवर टाकतो. बर्फातल्या कमकुवत थरावर पडणारा भार त्या क्षणी वाढतो. शिवाय मागचा माणूस पुढच्याचे वळण होईपर्यंत खोळंबतो आणि पाहता पाहता चार-पाच जण एका कोपऱ्यात गोळा होतात. 30 अंशांपेक्षा खड्या चढावर दोघांत किमान 10 मीटर अंतर ठेवण्याचा आल्प्समधला प्रघात याच गर्दीसाठी आहे. वळणे एकाच्या डोक्यावर एक आली असतील तर वरून घसरलेला माणूस थेट खालच्यावर येतो, हेही लक्षात ठेवावे लागते. हिमस्खलनात गाडले गेलेल्या माणसाला पहिल्या 10-15 मिनिटांत बाहेर काढले तरच जगण्याची आशा मोठी असते. म्हणून 457 किलोहर्ट्झवर संदेश पाठवणारे शोधयंत्र, फावडे आणि बर्फात खुपसायची लांब सळी प्रत्येकाजवळ असते. ही साधने पाठपिशवीत असली तरी कोपऱ्यात गर्दी न होऊ देणे हाच स्वस्त उपाय. वळणासाठी सोंडेची पाठ, खडकाच्या आडोशाची सपाट जागा किंवा दाट झाडीतला टप्पा निवडण्यात श्रम वाचतात आणि सुरक्षाही साधते. तीच जागा दोन्ही दृष्टींनी चांगली निघते, ही या खेळातली सुदैवाची गोष्ट.

गटात चढताना वळणाचा कोपरा झिजतो. पहिल्याने आपटून केलेला ओटा तिसऱ्या-चौथ्या माणसापर्यंत टिकतो. आठव्याला तिथे तिरकी, गुळगुळीत घसरण मिळते. पुढच्याने कोपरा ऐसपैस ठेवणे आणि मागच्याने कोपऱ्याच्या थोडे अलीकडे किंवा पलीकडे नवी जागा तुडवणे, हा साधा शिष्टाचार आहे. वाटाडा स्वतः कसा वळतो, यापेक्षा त्याच्या मागून शेवटचा माणूस कसा वळतो यावर त्याचे कसब ओळखावे.

वसंतातल्या सकाळी, रात्रभर गोठलेल्या बर्फावर, प्रश्न वेगळा असतो. कठीण कवचावर केस रुतत नाहीत. उतरण्याच्या सवयीने माणूस स्कीची वरची कड बर्फात रोवू पाहतो, पण त्याने स्किनचा बराचसा भाग हवेत राहतो आणि पकड उलट कमी होते. घोटा दरीच्या बाजूला ढळू देऊन स्की सपाट ठेवणे शिकावे लागते, आणि ते मनाला पटायला वेळ लागतो. त्यापुढचा उपाय म्हणजे बुटाखाली बाइंडिंगमध्ये बसणारे दातेरी स्की क्रॅम्पॉन. ते लावायचे ते घसरायला लागल्यावर नव्हे, त्याआधी, सपाट जागी असतानाच. उतारावर एका पायावर उभे राहून ते बसवण्याची कसरत किक टर्नहून अवघड असते. ओलसर नवा बर्फ पडला असेल तर स्किनखाली बर्फाचे गोळे चिकटतात आणि दोन-तीन किलोचा पाय घेऊन वळावे लागते. स्किनला मेण घासणे हा त्यावरचा जुना उपाय.

आणखी एक वळण आहे, दरीकडे तोंड करून घ्यायचे. त्यात आधी खालची स्की पुढे उचलून तिचे शेपूट बर्फात टेकवतात, टोक दरीच्या बाजूने फिरवून नव्या दिशेला पाडतात आणि मग वरची स्की तिच्यामागून आणतात. डोंगर इतका खडा असेल की वरच्या बाजूला टोक फिरवायला जागाच नाही, तेव्हा ते उपयोगी पडते. त्यात थोडी उंची गमवावी लागते आणि पायाखालची दरी डोळ्यांसमोर येते. टाच मोकळी असेल तर स्की लोंबकळते, त्यामुळे बाइंडिंगमध्ये टाच अडकवून घेतल्यास ते सोपे जाते. उतरताना अडचणीच्या जागी सापडलेला माणूस हेच वळण घेतो.

ही सारी तंत्रे आता स्पर्धेतही पाहायला मिळतात. 2026 च्या मिलानो-कोर्टिना हिवाळी ऑलिम्पिकमध्ये स्की माउंटेनिअरिंगचा समावेश झाला आणि त्याच्या स्पर्धांसाठी इटलीतले बोर्मियो निवडले गेले. स्प्रिंट प्रकारात सुमारे तीन मिनिटांच्या शर्यतीत स्किनवरचा चढ, मुद्दाम आखलेली किक टर्नची नागमोडी, स्की पाठीवर घेऊन पायऱ्या चढणे आणि उतार हे सगळे येते. तिथले स्पर्धक थांबून तोल तपासत नाहीत. पहिली स्की टेकते न टेकते तोच दुसरीचा झटका सुरू होतो. टूरिंगला निघालेल्या माणसाने त्यांची नक्कल करण्याचे कारण नाही. त्यांच्या पायांखाली तयार केलेला माग असतो आणि पाठीवर रात्रीच्या मुक्कामाचे ओझे नसते. त्यांच्याकडून घ्यायचे ते एवढेच, की पावले एकमेकांजवळ पडतात आणि डोके कधीच पुढे झुकत नाही.

भारतात या कौशल्याची खरी गरज हिमालयात भासते. गुलमर्गची गोंडोला अफरवटच्या खांद्यापर्यंत, 3,900 मीटरहून अधिक उंचीवर नेऊन सोडते. त्यामुळे तिथे येणाऱ्या बहुतेकांना चढावरच्या वळणाची ओळखही होत नाही. गोंडोलाच्या पलीकडचे उतार गाठायचे म्हटले की ती लागते. गुलमर्गलाच सैन्याचे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल आहे. औलीला भारत-तिबेट सीमा पोलिसांची प्रशिक्षण संस्था आहे, आणि मनालीच्या पर्वतारोहण संस्थेचे स्की-अभ्यासक्रम सोलांगच्या उतारांवर चालतात. सह्याद्रीत वर्षानुवर्षे चढाई करणाऱ्याला तिथे दम पुरतो, गुडघेही साथ देतात. अडते ते नितंबाच्या सांध्यात. पाऊल 130 अंश बाहेर फिरवण्याची सवय चालण्यात लागत नाही. बर्फावर जाण्याआधी सपाट गवतावर स्की बांधून, किंवा नुसत्या बुटांवर, दोन्ही बाजूंना हे वळण घोटले तर फरक पडतो. दोन्ही बाजूंना म्हणण्याचे कारण असे, की जवळजवळ प्रत्येकाची एक बाजू कच्ची असते आणि नागमोडी चढावर दर दुसरे वळण त्याच बाजूला येते.

या वळणांनाही मर्यादा आहे. अरुंद घळीत स्कीच्या लांबीइतकीही आडवी जागा उरत नाही. साधारण 40 अंशांच्या पुढे, किंवा त्याआधीच बर्फ बेभरवशाचा निघाला तर, प्रत्येक किक टर्नमध्ये जाणारा वेळ आणि घसरण्याची शक्यता परवडत नाही. तिथे शेवटच्या सपाट जागेवर थांबून स्की काढतात, पाठपिशवीच्या बाजूंना बांधतात, गरज असेल तर बुटांना क्रॅम्पॉन लावतात, हातात बर्फाची कुऱ्हाड घेतात आणि बुटाच्या टोकाने पायऱ्या खोदत सरळ वर जातात.